आजोबांच्या ट्रंकेतली परदेशी नाणी: घासण्याआधी, वाटण्याआधी, मोडीत घालण्याआधी या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात पलटणीत गेलेल्या माणसाच्या घरी माळ्यावर काळी पत्र्याची ट्रंक असतेच. वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत डांबरगोळ्यांचा वास धरलेला कोट, बिल्ले, पे-बुक, आणि तळाशी बिस्किटांचा चपटा डबा. त्या डब्यात नाणी. अपशिंगे मिलिटरी हे एकच गाव घेतलं तरी पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. आपल्या भागातले जे परत आले ते मेसोपोटेमियातून (आजचा इराक), पूर्व आफ्रिकेतून काही ना काही खिशात घेऊन आले. पुढच्या युद्धात मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरनला लढल्या, इटलीत लढल्या. म्हणून इराकचे फिल्स, इटलीचे लिरे, पूर्व आफ्रिकेचे सिंहाच्या छापाचे शिलिंग आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत निघतात.

लोक असे डबे माझ्याकडे घेऊन येतात आणि विचारतात, "कितीचा ऐवज आहे हो हा?" मी आधी उलट विचारतो, "याला काही केलंत का?" डब्यातली चांगली नाणी शोधायला वेळ लागतो, पण ती बिघडवायला एक दुपार पुरते. आणि ही बिघडवणूक बहुतेक वेळा डबा सापडल्यावर पहिल्या आठवड्यातच होते.

घासू नका. चिंच नको, राख नको, पावडर नको

माझ्या आजोबांच्या डब्यात एक मारिया थेरेसा थालर होता. चांदीचा, जाडजूड, ऑस्ट्रियाच्या राणीचा. आजोबा केरनहून आले तेव्हा तो बरोबर होता. आजी दर लक्ष्मीपूजनाला तो पाटावर मांडायची. आधी दूध-दही, मग हळदकुंकू, आणि दुसऱ्या दिवशी चिंच लावून राखेनं लख्ख करून परत डब्यात. असं चाळीस वर्षं चाललं. आज त्या राणीच्या गालाला आरशासारखी चमक आहे आणि केसांच्या बटा सपाट झाल्यात. सकाळी खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरला की अंगभर बारीक ओरखडे दिसतात, कुळवलेल्या रानात एकाच दिशेनं रेघा दिसाव्यात तसे. आजीच्या श्रद्धेला मी बोल लावत नाही. पण डबे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हा थालर आधी हातात देतो, कारण सांगून जे कळत नाही ते बघून कळतं.

चांदीवरचा काळपट, निळसर थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो तयार होतो आणि त्यात नाण्याच्याच पृष्ठभागाची चांदी असते. घासलं की ती निघून जाते. टाकसाळीतून पडताना नाण्यावर जी झिलई असते ती एकदा गेली की कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही. दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत नाणं देणाऱ्या कंपन्या घासलेल्या नाण्यावर तसा स्पष्ट शेरा मारतात, आणि मग दुर्मीळ सालाच्या नाण्याचीही किंमत कोसळते. चांदी उजळायच्या द्रवात बुडवणं हेही घासण्याइतकंच वाईट, फक्त ओरखडे दिसत नाहीत इतकंच.

हळदकुंकू, मेण, चिकट प्लॅस्टिक असं काही बसलंच असेल तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं रात्रभर ठेवा. त्यानंही निघालं नाही तर शुद्ध ॲसिटोन वापरा. नेलपॉलिश काढायचं रंगीत द्रव नको, त्यात तेल आणि अत्तर असतं. वाटी काचेची घ्या, काम गच्चीवर किंवा गॅलरीत करा आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको, कारण ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते. नंतर मऊ सुती कापडावर नाणं नुसतं टिपा, पुसू नका. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसत असेल तर ते वेगळं ठेवा, कारण ती कीड धातू आतून खात जाते आणि तिथं जाणकाराचाच हात लागतो.

नाणी पूजेला ठेवायचीच असतील तर काचेच्या डबीत घालून ठेवा आणि हळदकुंकू डबीला वाहा. आमच्या घरी आता असंच करतात, आणि आईला त्यात काही उणं वाटत नाही.

चिठ्ठ्या, पाकिटं आणि क्रम

सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर मी गावभागातला एक डबा पाहिला. ट्रंक दोन दिवस पाण्यात होती. घरच्यांनी नाणी चाळणीत धुऊन वर्तमानपत्रावर वाळवली आणि लगदा झालेले कागद टाकून दिले. त्या कागदांवर पणजोबांच्या हातचं लिहिलेलं होतं, कुठलं नाणं कुठल्या बंदरावर मिळालं ते. आता नाण्यांवर वर्तमानपत्राची शाई उतरली आहे आणि कुठलं कुठून आलं हे सांगणारं कुणी नाही.

म्हणून डबा उघडल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. जसा आहे तसा, थरांसकट. कुठली नाणी एका पुडीत होती, पुडीवर काय लिहिलंय, मोडी लिहिलंय की इंग्रजी, सगळं. कागद ओले असतील तर ते आधी सोडवून सपाट पसरून सावलीत वाळवा. नाणी थांबतील, कागद थांबत नाहीत. पुडी, पत्र आणि पे-बुकातली नोंद यामुळे साध्या नाण्यालाही घेणारा मिळतो, कारण ते कुठून कुणाच्या हातातून आलं हे त्याला कळतं.

ठेवायला बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम वापरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाझरतात आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. पुठ्ठ्याच्या चौकटीत कडक पारदर्शक फिल्म असलेली छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या. आणि नाणं नेहमी कडेनं धरा, खाली सतरंजीची दुहेरी घडी असू द्या.

"तिघा भावांना पन्नास-पन्नास"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! वाटणीची बैठक बसते, मोठे तात्या डबा उपडा करतात आणि मोजून ढीग लावतात. एकाच देशाची, एकाच मालिकेची सात नाणी तीन घरांत जातात. टाकसाळीच्या मूळ पुठ्ठ्यातला संच फोडून एकेक नाणं पोरांच्या हातात दिलं जातं. संच फुटला की तो पुन्हा जमवायला दोन पिढ्या जातात.

आधी यादी करा, किंमत काढा, मग वाटा. हवं तर एकानं सगळं ठेवून बाकीच्यांना रक्कम द्यावी. नाहीतर देशवार वाटणी करा: इराक एकाकडे, इंग्लंड दुसऱ्याकडे. नाण्यांची संख्या सारखी आली म्हणजे वाटणी सारखी झाली असं नाही.

साल चुकीचं वाचलं की सगळं चुकतं

खरा शोध इथं आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथंच होतो. अरबी आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि गोल म्हणजे पाच. आपल्या डोळ्याला गोल दिसला की हात आपोआप शून्य लिहितो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण म्हणजे सात, तीच उलटी केली की आठ. इराकच्या राजा गाझीच्या नाण्यावर १३५७ असं हिजरी, म्हणजे मुस्लिम कालगणनेचं, साल असतं. गोलाला शून्य धरून एका गृहस्थांनी ते १३०७ वाचलं, हिशेब केला आणि १८९० चं म्हणून मला दाखवलं. त्याच नाण्यावर शेजारी इसवी सनही अरबी आकड्यांत असतो, १९३८. दोन्ही सालं ताडून बघितली असती तर फसगत टळली असती. हिजरी सालाचा अंदाजे हिशेब सोपा आहे: सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा.

तुर्की सुलतानांच्या नाण्यांचा पेच निराळा. मेसोपोटेमियातून आलेल्या डब्यांत ही नाणी हमखास असतात. त्यांच्यावरचं मोठं साल म्हणजे सुलतान गादीवर बसला ते साल, आणि ते त्याच्या सगळ्या नाण्यांवर एकच राहतं. पाचव्या मेहमदाच्या नाण्यांवर १३२७ असतं. नाणं खरं कधी पाडलं हे दुसऱ्या छोट्या आकड्यावरून कळतं, तो त्याच्या कारकिर्दीचं वर्ष सांगतो. छोटा आकडा ६ असेल तर १३३२ हिजरी, म्हणजे साधारण १९१४. किंमत ठरते ती या छोट्या आकड्यावर, आणि लोक नेमका तोच बघत नाहीत.

नेपाळचं नाणं देवनागरीत असल्यामुळे आपण बेफिकीर राहतो. त्यावर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे. २०११ दिसलं म्हणून एका काकूंनी ते सुट्या पैशांच्या डब्यात टाकलं होतं, ते निघालं १९५४ चं. थायलंडच्या सालातून ५४३ वजा करा. जपानचं साल सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं: शोवा असेल तर १९२५ मिळवा, म्हणजे शोवा १८ म्हणजे १९४३.

जुनं म्हणजे महाग नव्हे, चकचकीत म्हणजे चांगलं नव्हे

रोमच्या काळातली तांब्याची नाणी आजही थोडक्या पैशांत मिळतात, कारण ती अफाट संख्येनं पाडली गेली. उलट ॲल्युमिनियमचं, फुंकर मारली तर उडेल असं वाटणारं नाणं डब्यातलं सगळ्यात मोलाचं असू शकतं. इटलीच्या १० लिऱ्यांच्या नाण्यावर एका बाजूला पंखांचा घोडा आणि दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची फांदी असते. १९४८ पासूनची कोट्यवधी आहेत. १९४७ ची पाडली फक्त १२,०००. १९४६ चीही कमीच. छाप तोच, वजन तेच, फरक एका आकड्याचा. १९४७ चं मला अजून एकाही डब्यात सापडलेलं नाही. पण पंखांचा घोडा दिसला की मी भिंग काढतोच. घरातली माणसं हीच नाणी खेळण्यातली समजून फेकतात.

दुर्मीळता ठरते ती साल, टाकसाळ, किती पाडली, किती उरली आणि नाणं कोणत्या अवस्थेत आहे यावर. इंग्लंडची १९३३ ची पेनी, ऑस्ट्रेलियाची १९३० ची पेनी ही नावं सगळे ऐकून असतात आणि तीच शोधत बसतात. त्यापेक्षा इंग्लंडच्या बारा कोनांच्या पितळी तीन पेन्सची १९४६ आणि १९४९ ही सालं लक्षात ठेवा. हाँगकाँगच्या एका सेंटचं १९४१ लक्षात ठेवा. साध्याच दिसणाऱ्या गठ्ठ्यात असं काही लपलेलं असतं.

आता चांदीचं. पुष्कळ साध्या दिसणाऱ्या परदेशी नाण्यांत चांदी असते आणि ती नुसत्या डोळ्यानं ओळखू येत नाही. इंग्लंडच्या शिलिंग, हाफ-क्राउनमध्ये १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, १९२० पासून ५० टक्के, आणि १९४७ पासून काहीच नाही. १४.१४ ग्रॅमच्या हाफ-क्राउनमध्ये १९१९ ला १३ ग्रॅम चांदी आणि पुढच्याच वर्षी ७, आणि दोन्ही शेजारी ठेवली तरी सारखीच दिसतात. अमेरिकेच्या डाइम, क्वार्टरमध्ये १९६४ पर्यंत ९० टक्के. ऑस्ट्रेलियात १९४५ पर्यंत ९२.५ आणि नंतर १९६४ पर्यंत ५०. पूर्व आफ्रिकेच्या सिंहाच्या शिलिंगात १९४६ पर्यंत फक्त २५ टक्के. त्यामुळे सालाप्रमाणे वेगळं केल्याशिवाय वजनावर कुणालाही काही देऊ नका.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, विटा-खानापूर भागात, घरटी एखादा माणूस गलाईच्या धंद्यात आहे. देशभर सोनं-चांदी गाळणारी ही हुशार माणसं, कस त्यांच्यासारखा कुणी सांगणार नाही. पण मुशीत गेलेलं नाणं फक्त धातू होऊन बाहेर येतं. मोडीचा भाव हा तळाचा भाव. त्याच्या खाली कधी जाऊ नका, आणि साल न बघता त्यावर थांबूही नका.

टाकसाळीचं अक्षर

नाणं कुठल्या टाकसाळीत पाडलं हे सांगणारं हे अक्षर ज्वारीच्या दाण्याहून लहान असतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसं. सॉव्हरिन या इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यावर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर बघा. तिथं १९१८ च्या नाण्यावर इंग्रजी आय असेल तर ते मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं आहे. मुंबईनं सॉव्हरिन फक्त त्याच सालाचा पाडला. कॅनडाचं सी अक्षर आणि १९१६ साल एकत्र दिसलं तर डबा बंद करून शांत बसा आणि ते नाणं कुणाच्या हातात देऊ नका. पाडलेलेच सहा हजारांच्या आसपास होते.

ब्रिटिश ट्रेड डॉलर पूर्वेकडच्या बंदरांवरून आलेल्या डब्यांत असतो. त्रिशूळ धरलेली उभी बाई, मागे चिनी आणि मलायी अक्षरं. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर छोटंसं बी असेल तर मुंबई. १९३५ चा असेल तर तो खरंच दुर्मीळ, कारण त्या सालचे बहुतेक वितळवले गेले.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. सॉव्हरिनला कडी डागून गळ्यात घातलेली असते. पुतळीच्या माळेत तर कधी खरी व्हेनिसची मोहर असते: डोज (व्हेनिसचा शासक) गुडघे टेकून संत मार्कसमोर, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. तिच्या नकला हिंदुस्थानातही पुष्कळ झाल्या, त्यामुळे अक्षरं नीट नसतील तर ती बहुधा नक्कल. कडी डागलेली असेल तर काढायला जाऊ नका. डाग काढताना कड जाते आणि नुकसान दुप्पट होतं. आहे तशी जपा.

खरं की खोटं: एक ग्लास पाणी आणि काटा

थालर खरा आहे का, हे मी असं बघतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा काही शेकड्यांत मिळतो. आधी कोरडं वजन: २८.०६ च्या जवळ हवं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला शिवणाचा दोरा बांधून ते पाण्यात अलगद सोडायचं, तळाला नाही, काठाला नाही, मधोमध तरंगत. काट्यावर जो आकडा उमटतो त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. आजोबांच्या थालरनं २.७५ दाखवलं. २८.०६ भागिले २.७५ म्हणजे १०.२, आणि ८३.३ टक्के चांदीची घनता तीच. तांबं-निकेलचा नकली थालर तेवढ्याच वजनाचा केला तरी ३.१५ च्या आसपास दाखवेल. मग कड बघा: खऱ्यावर लॅटिन अक्षरं उठावदार असतात, न्याय आणि दया अशा अर्थाची.

आणि तरीही त्यावरचं १७८० हे साल मनावर घेऊ नका. राणी त्या वर्षी वारली, आणि पुढे शतकभराहून जास्त काळ त्याच सालाचे थालर व्हिएन्ना, रोम, लंडनमध्ये पाडले गेले. १९४०-४१ मध्ये तर आपल्या मुंबईतही, कारण इथिओपियाच्या बाजारात दुसरं नाणं चालत नव्हतं. त्यामुळे बहुतेकांना चांदीच्या भावापेक्षा थोडंच जास्त येतं. आजोबांचा कदाचित मुंबईतच जन्मून केरनला जाऊन साताऱ्यात परत आलेला असेल, असं मला वाटत राहतं.

लोहचुंबक जवळ ठेवा. चांदी, सोनं, तांबं त्याला चिकटत नाही. अमेरिकेचा १९४३ चा सेंट मात्र चिकटायलाच हवा, कारण त्या वर्षी तो पोलादाचा होता. तांब्याचा दिसणारा आणि चिकटणारा १९४३ म्हणजे वरून तांबं चढवलेला. राम दरबार किंवा हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं 'नाणं' कुणी दाखवलं तर तसं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याची गोष्ट कुणी काढली तर ती फसवणूक समजा आणि तिथून उठून घरी या.

भाव आणि विक्री

मोबाइलवर "हे नाणं असेल तर लखपती" असं फिरतं आणि माणूस त्याच आकड्यावर अडून बसतो. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर वेगळी बघता येते, लिलावांचे निकालही बघता येतात. नुमिस्टा या संकेतस्थळावर देश, साल, वजन घातलं की नाणं ओळखता येतं. पण तुमचं नाणं फोटोतल्याइतकं धडधाकट आहे का हे प्रामाणिकपणे बघा. भाव त्यावरच हलतो.

विकत घ्यायच्या आधीच 'नोंदणी फी', 'जीएसटी', 'कमिशन' मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नव्हेच. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की आपलं नाव वापरून असे पैसे उकळले जातात आणि बँक अशा व्यवहारात नसते. ओटीपी तर कुणालाच देऊ नका. सराफाकडे किंवा व्यापाऱ्याकडे पूर्ण डबा नेऊ नका, यादी आणि फोटो न्या, आणि किमान दोघांना दाखवा.

मुलगा परदेशात आहे, तिकडे चांगला भाव येईल म्हणून नाणी बॅगेत घालून पाठवणारेही भेटतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, मग ते नाणं मूळचं परदेशी असलं तरी.

शेवटी, डबा रिकामा झाला म्हणून ट्रंक बंद करू नका. पे-बुकाची, पोथीची पानं एकेक करून उलटा. आखातात काम केलेल्या माणसाच्या पोथीत लालसर एक रुपया किंवा नारिंगी पाच रुपयांची नोट निघू शकते, क्रमांकाआधी इंग्रजी झेड असलेली. १९५९ मध्ये भारत सरकारनं आणि रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी काढलेला तो रुपया. हज यात्रेसाठीच्या नोटांवर एचए असतं. अशी नोट दिसली तर इस्त्री फिरवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून जाड पुस्तकाखाली राहू द्या, आणि ती कुठल्या पानावर सापडली ते पेन्सिलनं लिहून ठेवा.